मूरलँडची वायर

लेनर्ड बॅरक्लफच्या घरात कपडे धुवायची एकेचाळीस मशीनं होती, आणि त्याची बायको ऑड्री घरची धुणी पिशवीत कोंबून दर शनिवारी बसनं खाली गावातल्या धुलाईच्या दुकानात न्यायची. बसमधली माणसं पिशवीकडं बघायची, मग ऑड्रीकडं बघायची आणि खिडकीबाहेर तोंड करून हसायची. पुढच्या खोलीत सोळा मशीनं, जिन्याखाली तीन, झोपायच्या खोलीत सात. न्हाणीतल्या टबात दोन ठेवलेली, म्हणून नवराबायको स्वयंपाकघरात बेसिनपाशी उभं राहून अंग पुसायची.

"यातल्या एकात माझा टॉवेल टाकला तर काय आभाळ कोसळंल का?" ऑड्री विचारायची.

"ती धुवायला न्हाईत."

"मग कशाला हायत?"

"असायला."

तेवीस वर्षं तिनं हे ऐकलं. एका शनिवारी ती पिशवी घेऊन गेली ती धुणं आटपून तशीच बहिणीकडं समुद्रकाठच्या गावी गेली. लेनर्डला ते मंगळवारी कळलं, कारण धुतलेले मोजे सापडेनात. बुधवारी तिच्या आरशाच्या टेबलाची जागा मोकळी करून त्यानं तिथं एक्कावन्न सालचं मशीन लावलं. बेचाळिसावं.

माणूस कामाचा होता, हे आमच्या खोऱ्यात कुणीही सांगेल. तीस वर्षं त्यानं दुकानाच्या वतीनं घरोघरी मशीनं दुरुस्त केली. नुसता आवाज ऐकून पट्टा सैल आहे का बेअरिंग गेलंय ते सांगायचा. बाईकडं मात्र कधी बघायचा नाही. एका घरात तो मशीनखाली आडवा होऊन काम करत होता, वर घरधनीण पोटात कळ येऊन खाली बसली, शेजारणी धावल्या, गाडी आली, तिला घेऊन गेली. लेनर्ड मशीन जोडून उठला आणि रिकाम्या घरात हाक मारून म्हणाला, "झालं बघा."

त्याच्यासारख्या वेड्यांची एक मंडळी होती. देशभरात मिळून त्रेसष्ट माणसं. त्यांची एक जाड नोंदवही होती. जुन्या मशीनची वहीत नोंद झाली, की ते मशीन आहे. नाही झाली, तर ते भंगार. नोंदीत सगळ्यात वरचा मान 'पूर्ण मूळ' या शब्दांचा. कारखान्यातून निघताना जे जे अंगावर होतं ते सगळं तसंच हवं, आणि नोंद मागणाऱ्यानं मंडळींसमोर स्वतःच्या हातानं एक अख्खं धुणं त्यात काढून दाखवायचं. यात वायर आणि प्लगसुद्धा मूळचेच पाहिजेत, हे कलम लेनर्डनं घातलेलं.

घातलं ते डेझमंड क्रॅबट्रीची जिरवायला. डेझमंड डोंगरापलीकडचा, लँकशरचा, म्हणजे आमच्या हिशोबानं माणसातच जमा नाही. त्यात तो मंडळींचा चिटणीस, वही त्याच्याच काखेत. त्याची आई वारली त्या वर्षी त्यानं तिचं मशीन मेळाव्याला आणलं. चॅपलच्या सभागृहात ते असं मऊ चाललं होतं, की माणसं चहाचा कप घेऊन नुसती ऐकत उभी. लेनर्ड गुडघ्यावर बसला, मागं हात घालून प्लग ओढून काढला आणि सगळ्यांना दिसंल असा वर धरला.

"हा बहात्तर सालचा हाय. मशीन त्रेपन्नचं."

"आईनं बदलला असेल," डेझमंड हळू आवाजात म्हणाला.

"मग तुझ्या आईनं घाण केली."

कुणी हसलं नाही. पण नियम तो नियम. डेझमंडला स्वतःच्या वहीत स्वतःच्या हातानं आईच्या मशीनपुढच्या 'पूर्ण मूळ' या शब्दांवर काट मारावी लागली. लेनर्डनं घरी येऊन दोन अंडी आणि बेकन तळलं आणि झकास झोपला.

आता मूरलँडचं सांगायला पाहिजे. आमच्या नदीकाठी ऍकरॉइड आणि फर्थ नावाचा कारखाना होता. त्यांनी एकोणपन्नास साली मूरलँड नावाचं मशीन काढलं. आत तांब्याचं पिंप, वर कपडे पिळायला दोन रबरी रूळ. बासष्ट मशीनं केली आणि एकाएकी बंद केली. का केली कुणाला ठाऊक नव्हतं, आणि कुणाच्याही घरात एकही उरलं नव्हतं. लेनर्ड एकोणीस वर्षं त्याच्या मागं होता. कारखान्यातले म्हातारे त्यानं दवाखान्यातल्या खाटांवर गाठून बोलते केले. एकजण तर बोलता बोलता गेला, आणि लेनर्डला राग आला की रुळाचा व्यास सांगायचा राहिला. शेवटी एका मुकादमाच्या विधवेकडं कपाटाच्या खणात अंथरलेल्या कागदाखाली त्याला मालकांचं पत्र मिळालं. मशीनच्या पत्र्याला भोक आहे, त्या भोकाच्या धारेवर वायर घासते, वायरवरचं कापड फाटतं आणि करंट मशीनच्या अंगभर पसरतो. एक बाई धुता धुता मेली. सगळी मशीनं घरोघरून परत आणा आणि फोडा. खाली आकडा होता: परत आलेली, एकसष्ट.

लेनर्डनं ते पत्र दोनदा वाचलं. मेलेली बाई त्याच्या डोळ्यांसमोरून गेलीच नाही. त्यानं बासष्टातून एकसष्ट वजा केले.

ते एक त्याला रस्त्यावरून सापडलं. सोमवार होता, आणि सोमवारी आमच्याकडं घरोघर धुणं असतं. वरच्या वाडीत एका घरामागं दोरीवर पांढरी चादर फडफडत होती. तिच्यावर बारीक उभ्या रेघा, हातभर अंतरानं, सारख्या. मूरलँडच्या रुळावर पन्हळी होत्या, म्हाताऱ्यांनी सांगितलेल्या. लेनर्डनं गाडी खड्ड्यात घातली आणि तशीच सोडून चढण चढला.

घर झिला मिजलीचं. वय शहात्तर. नवरा दगडाच्या खाणीत होता, त्याला जाऊन वीस वर्षं झालेली. पोरबाळ नाही. तोंड असं, की दूधवाला बाटल्या फाटकातच ठेवून पळायचा.

"मिसेस मिजली, तुमची चादर कशात पिळली?"

"तुझ्या बापाच्या मांडीत. कोण रं तू?"

त्यानं टोपी काढून सगळं सांगितलं, पत्राचं सोडून. झिलानं त्याला मागच्या धुण्याच्या खोलीत नेलं. दगडी फरशीवर ते उभं होतं, हिरव्या पत्र्याचं. वायर कापडी वेष्टणाची, तपकिरी, मूळची. 

"माणसं आलती एकदा परत न्यायला," झिला म्हणाली. "म्या कडी लावून घेतली. पैसं दिलंत, आता माझी हाय, म्हनलं. मग न्हाई आली."

"मला देता? काय मागाल ते देतो."

"म्या मेल्यावर ने. तवर सोमवारी येत जा. पानी भराया माणूस लागतो मला."

ठरलं. आठ वर्षं लेनर्ड दर सोमवारी सकाळी सातला म्हातारीच्या दारात हजर. पाणी तापवायचं, पिंपात ओतायचं, जड चादरी रुळातून ओढायच्या आणि आठाच्या आत दोरीवर घालायच्या, कारण आठनंतर धुणं वाळत घालणारी बाई आळशी, असं झिलाचं मत. खालच्या दारूच्या दुकानात त्याच्यावर हसायचे. "काय लेनर्ड, म्हातारीच्या चड्ड्या कितीला भरल्या आज? वाऱ्यानं शीड फुगलं का?" त्याला काही वाटायचं नाही. तो दर वेळी तिला एकच विचारायचा.

"खोकला कसा हाय, मिसेस मिजली?"

"बरा हाय."

"व्हय का," लेनर्ड म्हणायचा, आणि तोंड उतरायचं.

झिलाला ते दिसायचं. तिला त्यात मजा यायची. कधी त्याला बघून मुद्दाम भिंतीला धरून खोकायची, तो पुढं झाला की ताठ उभी राहायची. "बस. आज न्हाई मरत. नीळ सापडंना."

आता वायरचं. पहिल्याच सोमवारी त्यानं चालू मशीनच्या पत्र्याला हाताची मागची बाजू लावली, जशी कारागीर लावतो. बारीक झिणझिण आली. तो वाकला. भोकाच्या धारेपाशी कापड फाटलं होतं, खालचं रबर कडक होऊन भेगाळलं होतं, तांबं दिसत होतं. नवी वायर, अर्थिंगसकट, वीस मिनिटांचं काम. दुरुस्तीवाला म्हणून त्यानं अशा शंभर बदलल्या होत्या. पण ही बदलली की मूरलँड 'पूर्ण मूळ' राहत नव्हतं. बासष्टातलं एक उरलेलं, आणि तेही बाटवायचं?

तो उठला, हात पुसले आणि काही बोलला नाही.

पुढच्या सोमवारी त्यानं तिला एक काळी जाड रबरी चटई आणून दिली.

"ही कशापायी?"

"फरशी गार हाय. पायाला बरं. धुताना यावरच उभं ऱ्हावा, हं. विसरू नका."

"लई काळजी माझी," झिला म्हणाली, पण चटई आवडली तिला.

चटईवरूनही अधूनमधून चावायचंच. झिला हात झटकायची आणि खिदळायची. "आज चिमटं काढतीया बया. आमचा हॅरॉल्डच शिरलाय हिच्यात. जित्तेपणी चार वर्षांतनं एकदा हात लावायचा, आता बघ."

"सांधेवात असंल तुमचा," लेनर्ड म्हणायचा, मशीनकडं बघत.

हे आठ वर्षं चाललं. झिला चौऱ्याऐंशीची झाली. लेनर्ड एकसष्टचा. मंडळींच्या मेळाव्यात तो आता नुसतं म्हणायचा, "थांबा थोडं. मी आणीन तवा बघा." घरातली बेचाळीस मशीनं तो पुसायचासुद्धा नाही. झोपताना तो वहीतली ओळ मनात लिहायचा: मूरलँड, एकोणपन्नास, पूर्ण मूळ, एकमेव, शोधणारा लेनर्ड बॅरक्लफ. आपण मेल्यावर ही ओळ राहील, बाकी गेलं खड्ड्यात, हे त्यानं पक्कं धरलं होतं.

फेब्रुवारीत बर्फ पडलं आणि वरच्या वाडीचा रस्ता बंद झाला. त्या सोमवारी लेनर्ड पोचला नाही. झिलानं धुणं सोडलं नाही. मांजर चटईवर मुतलं होतं, म्हणून तिनं चटई धुवून बाहेर भिंतीवर टाकली आणि नुसत्या मोज्यांवर ओल्या फरशीवर उभी राहून पिंपात हात घातला. तिला मशीननं उचलून भिंतीवर फेकलं. पडताना तिच्या हातानं वायर ओढली गेली आणि प्लग निघाला, म्हणून वाचली. पुढं शेजारीण येईपर्यंत तीन तास ती तिथंच, साबणाच्या पाण्यात.

दोन दिवसांनी वीजवाला माणूस तपासायला आला. त्यानं वायर बघितली आणि शिटी वाजवली.

"आजी, ही मारायचीच होती तुम्हांला. आजवर वाचलात त्या बाहेर टाकलेल्या चटईनं. कुठनं आणली?"

"का?"

"ही वीजघरात वापरतात, मोठ्या पॅनेलपुढं. पायातनं करंट जाऊ नये म्हणून. दुकानात मिळत न्हाई. ज्यानं दिली त्याला ठाऊक होतं."

 तो पक्कड घेऊन वायर तोडायला वाकला तेव्हा तिनं काठीनं त्याचा हात बाजूला केला.

"ऱ्हाऊ दे. एकाचं काम ऱ्हायलंय हिच्याशी."

पुढच्या सोमवारी रस्ता मोकळा झाला. लेनर्ड आला तर झिलाच्या मनगटाला कोपरापर्यंत पट्टी, आणि डोळ्याखाली काळंनिळं.

"शेजारीण म्हनली मशीननं शॉक दिला," लेनर्ड दारातच म्हणाला. "मशीनला काय झालं न्हाई न्हवं?"

झिलानं त्याच्याकडं बघितलं.

"तिला काय धाड भरलीया. बस." तिनं त्याला चहा ओतला. आठ वर्षांत पहिल्यांदा. "मी काय म्हनते, लेका. मरंस्तवर कशाला थांबतूस? ने तिला. त्या वहीवाल्याला पुढच्या सोमवारी घेऊन ये. हितंच धुणं काढ, हितंच लिहू दे, आणि घेऊन जा."

लेनर्डचा कप बशीवर वाजला. त्यानं तिचा धड हात धरला आणि दाबला. त्या आठवड्यात त्यानं केस कापले, कोट इस्त्रीला टाकला, आणि डेझमंडला फोन करून मशीनचं नाव न सांगता म्हणाला, "ये. मरायच्या आधी एक बघून जा."

सोमवारी डेझमंड क्रॅबट्री वही काखेत मारून आला. मूरलँड बघून त्याचंही तोंड उघडंच राहिलं. काही झालं तरी तोही त्याच वेडातला. त्यानं बूट दारातच काढले, गुडघ्यावर बसून रूळ बघितले, पिंप बघितलं, पाटीवरचा आकडा बघितला. मग प्लग हातात घेतला, सावकाश फिरवला.

"मूळचा," डेझमंड म्हणाला. "वायर मूळची. देवा रे. बॅरक्लफ, तुझ्यासारखा हरामखोर मी बघितला नाही, पण हे तू आणलंस."

"लिही मग."

"धुणं काढ. मग लिहितो."

झिलानं पाणी आधीच भरून ठेवलं होतं, आणि फरशी धुतली होती. सगळी फरशी, बादल्या ओतून. कोपऱ्यात पाण्याचं तळं साचलं होतं. ती उंबऱ्याच्या आतल्या बाजूला खुर्ची टाकून बसली होती.

"बूट काढ," ती म्हणाली. "आत्ता घासलीया म्या."

धुतलेल्या फरशीवर बूट घालून जायची आमच्याकडं कुणाची छाती नाही. लेनर्डनं बूट काढले. पाऊल टाकलं तशी गार ओल मोज्यातून तळव्याला लागली. तो थांबला. मशीनपुढं नजर गेली.

"चटई कुठाय?"

"कुठली चटई?"

"काळी. म्या दिलेली."

"ती व्हय? बाहेर हाय. मांजर मुतलंवतं."

"आणतो."

"चटई मशीनबरोबर आली होती काय कारखान्यातून?" डेझमंड दारातून म्हणाला. त्याला अजून काही ठाऊक नव्हतं, पण लेनर्डचा चेहरा तो बघत होता. "नव्हती ना? मग राहू दे. तुझंच कलम. मशीन, पाणी, धुणं आणि माणूस. घाल हात."

डेझमंडनं प्लग भिंतीत लावला आणि बटण दाबलं. मशीन गुरगुरायला लागलं. छान गोल आवाज. झिलानं चादरीचं बोचकं काठीनं लेनर्डच्या पायाशी ढकललं.

लेनर्डनं चादर उचलली. पिंपावर धरली.  चादरीचं एक टोक पाण्यात टेकलं आणि त्यानं ती अशी सोडली जशी पेटलीय.

"काय झालं?" डेझमंड म्हणाला.

"काय न्हाई."

"मग घाल की," झिला म्हणाली. "म्या दर सोमवारी घालायची. चिमटं काढती जरा. सांधेवातानं."

 मशीन चालू होतं. लेनर्डच्या कपाळावर घाम आला, फेब्रुवारीत.

"वायर खराब हाय," तो शेवटी म्हणाला.

"खराब म्हणजे?" डेझमंडनं विचारलं.

"करंट उतरतो पत्र्यात."

"कधीपासून?"

लेनर्ड फरशीकडं बघत होता.

"इच्यारलंय त्यानं तुला," झिला म्हणाली. "कधीपासनं ठाऊक हाय रं, लेका?"

"आठ वर्षं."

डेझमंड क्रॅबट्रीनं म्हातारीच्या पट्टीकडं बघितलं, मग डोळ्याखालच्या डागाकडं. त्यानं टोपी काढली, पुन्हा घातली. 

"मला धरून नकं बसू," झिला म्हणाली. "दोन वाटा हायत. हात घाल, धू, आणि मशीन घेऊन जा. मी सही करून देते. न्हाईतर बदल वायर."

लेनर्ड उभा राहिला. मी सांगतो, तो खरंच विचार करत होता. एवढी हाव माणसात असते. एकदा त्यानं उजवा हात पिंपाच्या काठापर्यंत नेलासुद्धा. मशीनच्या अंगावरची वाफ बोटांना लागली. एकोणीस आणि आठ, सत्तावीस वर्षं, आणि मधे वीतभर अंतर. मग हात आपोआप मागं आला, जसा तव्यावरून येतो.

त्यानं जाऊन प्लग ओढला. ओल्या मोज्यांनी बाहेर जाऊन गाडीतून हत्यारांची पेटी आणली. पेटीत नव्या वायरचं वेटोळं होतं. कायमच असायचं.

वीस मिनिटं लागली. दोघंही बघत बसले होते. त्यानं जुनी वायर तोडली, भोकाला रबरी कडं बसवलं, नवी आत घेतली, अर्थिंगचा स्क्रू आवळला. हात सराईत होते, एकदाही घसरले नाहीत. उठून त्यानं प्लग लावला, मशीन चालू केलं आणि सवयीनं हाताची मागची बाजू पत्र्याला लावली. काही नाही. नुसता पत्रा.

"झालं बघा," तो म्हणाला.

डेझमंडनं वही गुडघ्यावर उघडली आणि मोठ्यानं वाचत लिहिलं. नियमच होता तसा. "मूरलँड, एकोणपन्नास, एक नग. मालकीण, मिसेस झिला मिजली. पूर्ण मूळ नाही. वायर बदललेली. बदलणारा, लेनर्ड बॅरक्लफ." त्यानं शाई वाळायला वहीवर फुंकर मारली. "आलं बघ तुझं नाव."

"बदललेल्यांच्या यादीत तरी माझं धर," लेनर्ड म्हणाला. "मशीन तर हाय ना. मिसेस मिजली, तुम्ही म्हनला होता..."

"म्या काय म्हनले? धुऊन ने म्हनले. धुतलंस का?" झिला काठी टेकून उठली. मशीनपाशी गेली, पट्टीचा हात उचलून त्याची बोटं सरळ पाण्यात बुडवली आणि तशीच उभी राहिली. कुणी चावलं नाही. "आता बरी झाली. आता म्या मरंस्तवर वापरीन. हॅरॉल्डसुद्धा गेला मेला." तिनं चादर पिंपात ढकलली. "जा तू. सोमवारचं येऊ नकं. शेजारणीचं पोरगं भरंल पानी, ते मला मरायची वाट बघत न्हाई."

"ती जुनी वायर तेवढी देता का?"

झिलानं ती काठीच्या टोकानं फरशीवरून त्याच्याकडं सरकवली.

डेझमंडची गाडी उतारावरून गेली. लेनर्डनं पायरीवर बसून बूट घातले, ओल्या मोज्यांवरच. वायर वेटोळं करून कोटाच्या खिशात घातली. मागं दाराची कडी लागल्याचा आवाज आला. आत मशीन चाललं होतं. तो फाटकापर्यंत गेला आणि थबकला. मग परत आला, दारावर बोटानं टकटक केली.

"मिसेस मिजली," तो म्हणाला, "पट्टा सैल झालाय. डावीकडचा. एक इंच आवळायला पाहिजे, न्हाईतर तुटंल."

आतून चादर पिळल्याचा आवाज आला. आठ वाजायला चार मिनिटं होती आणि म्हातारीला घाई होती.